रेल प्रेशर कमी दाखवतंय: स्कॅनर, पारदर्शक नळी, रिटर्न टेस्ट की थेट पंप?

चढावर गाडी उचलत नाही, इंजिनाचा दिवा लागतो, बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००८७ हा कोड येतो आणि लगेच कोणीतरी सांगतं, "हाय प्रेशर पंप गेला." जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच असावं. कारण त्या कोडचा अर्थ फक्त एवढाच असतो की ईसीयूनं (इंजिन चालवणाऱ्या संगणकानं) रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही. ते टाकीपासून पंपापर्यंत अडलं, पंपात कमी पडलं, इंजेक्टरमधून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) वाहून गेलं, की सेन्सरच चुकीचं सांगतोय, याबद्दल कोड काहीही बोलत नाही. ते शोधायच्या चार-पाच पद्धती आहेत. आधी कोणती करायची आणि कोणत्या पद्धतीवर किती विसंबायचं, हे ठरवण्यासाठी ही तुलना.

हे सगळं मुख्यतः कॉमन रेल गाड्यांबद्दल आहे, म्हणजे १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून प्रवासी गाड्यांत रुळलेल्या पद्धतीबद्दल. त्याआधीच्या रोटरी पंपाच्या गाडीत रेलच नसते, त्यामुळे रेल प्रेशर स्कॅनरवर बघायचा प्रश्न येत नाही. तुमची गाडी तशी असेल तर खालचा नळी आणि कॅनचा भाग तेवढा तुमच्या कामाचा.

स्कॅनर

याचा मोठा फायदा असा की काहीही न उघडता बरंच कळतं. मात्र नुसता कोड वाचून पुसणारा स्कॅनर इथे निरुपयोगी आहे. मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर शेजारी-शेजारी दाखवणारा लाइव्ह डेटा हवा. इंजिन गरम असताना आयडलिंगला साधारण २५० ते ३५० बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दिसतात. सेल्फ मारताना बहुतेक गाड्यांना सुरू व्हायला दीडशे-दोनशे बारच्या आसपास तरी लागतात. पूर्ण लोडला सुरुवातीच्या पिढीत १३५० बारपर्यंत आणि नंतरच्यांत १६०० किंवा त्याहूनही वर मजल जाते. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच धरायचा.

आकड्यापेक्षा तो कसा पडतो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आयडलिंगला सगळं ठीक, पण तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की मागणी वर जाते आणि प्रत्यक्ष प्रेशर मागे रेंगाळतं: पंपाला डिझेल पुरत नाही किंवा पंप थकलाय. आकडा एकसारखा न राहता वर-खाली उड्या मारतो: हवेचा संशय घ्या. गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना प्रेशर चढायलाच वेळ लागतो, सकाळी मात्र पटकन चढतं: तापलेलं डिझेल पातळ होऊन झिजलेल्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून निसटतंय. याच्या उलट, रात्रभर उभी राहिल्यावर त्रास आणि दिवसभर काही नाही, तर लाइनमधलं डिझेल मागे टाकीकडे उतरतंय.

सेन्सरची परीक्षाही इथेच होते. गाडी बराच वेळ बंद असताना फक्त इग्निशन चालू करा. रेल प्रेशर शून्याच्या जवळ दिसायला हवं. ५ व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या सेन्सरच्या सिग्नल वायरवर तेव्हा साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर एक वेगळीच पंचाईत होते: ईसीयूच्या हिशेबानं प्रेशर पुरेसं असतं, म्हणून कोड येतच नाही, आणि गाडी मात्र सुरू व्हायला कुरकुरते.

स्कॅनरची मर्यादाही स्पष्ट आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत टाकी ते पंप या भागात सेन्सरच नसतो. तिथे काय चाललंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

पारदर्शक नळी आणि वेगळा कॅन

माझं मत विचाराल तर सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त सांगणारी पद्धत हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच.

आधी एक गोष्ट तपासा: टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे का? अनेक जुन्या गाड्यांत तो नसतो; हाय प्रेशर पंपाला जोडलेला छोटा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. अशा गाडीत टाकीपासूनची पूर्ण लाइन ओढीखाली असते. तिथे सांधा ढिला असला तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीनं पाणी ओढावं तसं. म्हणून "कुठे गळत नाही, म्हणजे लाइन चांगली आहे" हा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी क्लिपनं घट्ट बसवा आणि गाडी चालू करा. लाइन नुकतीच उघडलेली असल्यामुळे सुरुवातीला थोडे बुडबुडे येणारच. ते थांबले नाहीत, एकामागून एक येत राहिले, तर गाडी हवा घेते आहे. मग फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल भरायचा पंप), पाणी काढायचा स्क्रू, कडक झालेले रबरी पाइप आणि क्विक कनेक्टर, या क्रमानं बघा. फिल्टर बदलल्यापासूनच तक्रार सुरू झाली असेल तर ओ-रिंगपासून दूर जाऊच नका.

त्याच जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम गेज जोडलं तर उत्तर आणखी पक्कं होतं. गेजवर ओढ जास्त दिसते आणि बुडबुडे नाहीत, तर मागे कुठेतरी अडथळा आहे: फिल्टर, टाकीतली जाळी, चेपलेला पाइप. ओढ कमी आणि बुडबुडे भरपूर, तर हवा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत मात्र व्हॅक्यूम गेजचा उपयोग नाही. तिथे साधं प्रेशर गेज लावून पंप मॅन्युअलएवढं प्रेशर देतो का ते बघायचं, तेही लोड देऊन.

कॅनची टेस्ट सरळ आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन सुरक्षित जागी ठेवून पुरवठ्याची नळी त्यात सोडायची, रिटर्नही त्यातच. गाडी ठणठणीत चालली तर दोष टाकीत किंवा टाकीकडून येणाऱ्या पाइपात. हे ओढीवर चालणाऱ्या गाडीतच करावं, आणि नळ्या सायलेन्सर व इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांपासून दूर बांधूनच.

फिल्टर बदलून बघणं

ही तपासणी नव्हे, पण जुन्या गाडीत फिल्टर कधी बदलला हेच माहीत नसेल तर करून टाकावं. जुना फिल्टर फेकण्याआधी त्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता. तळाला पाणी बसलंय का, थंडीत मेणासारखा थर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, चमचमणारी धातूची कणी आहे का? कणी दिसली तर गाडी पुन्हा सुरू करू नका.

रिटर्न टेस्ट

इंजेक्टर चांगला असला तरी थोडं डिझेल रिटर्नला सोडतोच. झिजला की ते वाढतं आणि रेलमधलं प्रेशर तिथून निसटतं. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाची बाटली लावून काही मिनिटं आयडलिंगला आणि मग थोड्या वाढवलेल्या आरपीएमला गाडी चालवली की फरक समोर उभा राहतो. गाडी सुरूच होत नसेल तर सेल्फ मारतानाही ही टेस्ट करता येते. तेव्हा एखादी बाटली झपाट्यानं भरत असेल तर चोर सापडला.

नळीच्या टेस्टशी तुलना केली तर ही जास्त नेमकी आहे, कारण कोणत्या सिलिंडरचा इंजेक्टर ते थेट कळतं. पण दोन ठिकाणी फसवते. चारही इंजेक्टर सारखेच झिजले असतील तर चारही बाटल्या सारख्या भरतात आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून आपापसातली तुलना पुरेशी नाही, मॅन्युअलमधलं माप हवंच. दुसरं म्हणजे, ही बाटलीची पद्धत सोलेनॉइड (विद्युतचुंबकानं उघडणाऱ्या) इंजेक्टरसाठी आहे. बॉशच्या पिएझो (विजेनं प्रसरण पावणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) इंजेक्टरना रिटर्नच्या बाजूला सुमारे १० बारचं प्रेशर लागतं. तिथे रिटर्न मोकळा सोडला तर इंजेक्टर काम करत नाहीत आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

पंप आणि व्हॉल्व्ह

इथे घरच्या हत्यारांची हद्द संपते. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) आणि रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह यांची वायरिंग, कनेक्टर आणि रेझिस्टन्स मल्टिमीटरनं तपासता येतो, आणि पंप काढायच्या आधी तो तपासलाच पाहिजे. अडकणारा व्हॉल्व्ह अगदी मेलेल्या पंपासारखा वागतो. पंप एकट्यानं किती प्रेशर बनवतो हे मात्र डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्येच मोजून घ्यावं.

जुन्या इंजिनांवर करायचे तसं चालू गाडीत इंजेक्टरचा पाइप ढिला करून बघणं इथे कधीही करू नका. शेकडो बारची धार हातमोज्यातून आणि कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठा. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा.

मग तुम्ही काय निवडाल?

सकाळी सुरू व्हायला त्रास, किंवा फिल्टर बदलल्यानंतरचा त्रास: नळी आधी, स्कॅनर नंतर. गरम झाल्यावर सुरू होत नाही: थेट रिटर्न टेस्ट. फक्त चढावर किंवा ओव्हरटेक करताना पॉवर जाते: स्कॅनर लावून लोडखाली एक फेरी, मग फिल्टर आणि व्हॅक्यूम गेज. कोड नाही पण सुरू व्हायला कुरकुर: बंद गाडीत सेन्सरचा शून्य आधी बघा.

गाडी गॅरेजलाच द्यायची असेल तर पंपाला होकार देण्याआधी तीन गोष्टी मागा: लोडखालचा लाइव्ह डेटा, रिटर्नच्या बाटल्यांचा फोटो, आणि पंपाच्या इनलेटला काय मोजलं त्याचा आकडा. हे तिन्ही पंपाकडेच बोट दाखवत असतील तर पंप काढा. आणि फिल्टरमध्ये कणी सापडली असेल तर एकट्या पंपाचं कोटेशन अपुरं आहे. टाकी, पाइप, रेल आणि इंजेक्टर साफ करायचा किंवा बदलायचा खर्च त्यात धरूनच गाडी ठेवायची की नाही ते ठरवा, कारण उरलेली कणी नवा पंप आणि इंजेक्टर दोन्ही खाते.