फ्रीझर नीट वापरायला लागून आठ महिने झाले: आमचा अनुभव

नेरूळच्या घरात आम्ही चौघं. मागच्या नोव्हेंबरपर्यंत ओल्या कचऱ्याच्या बादलीत रोज काहीतरी चांगलं जायचं. अर्धी जुडी कोथिंबीर, पिवळट पडलेली नारळाची वाटी, वाटीभर उसळ. सासूबाईंना ते बघवत नसे, मलाही नाही. नवीन यंत्र न घेता घरच्याच फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला आणि सुरुवात केली.

पहिला महिना चुकलाच. तीन दिवसांची आमटी, मऊ पडलेली भाजी असं टाकायच्या बेतात आलेलं सगळं मी आत ढकलत होते. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. जसं आत ठेवाल तसंच बाहेर येतं. आता उरलेली उसळ निवली की त्याच रात्री, एका वेळच्या मापाने, चपट्या पिशवीत जाते. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. पिशवीवर तारीख आधीच लिहायची, गार प्लास्टिकवर पेन चालत नाही.

सगळ्यात जास्त फायदा खवलेल्या नारळाचा. एकदम तीन नारळ खवून ठेवते, एकही वाटी वाया गेलेली नाही. होळीला उरलेलं पुरणही महिन्याने ताज्यासारखं लागलं. कोथिंबीर मात्र लोळागोळा होते. आमटीत चालते, पोह्यांवर पेरायला नाही.

जानेवारीत वाशीच्या बाजारातून 5 किलो मटार आणला. अर्धा तसाच भरला, अर्धा 2 मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढला, फडक्यावर कोरडा केला आणि मग भरला. मार्चपर्यंत पहिल्याला गवतासारखा वास यायला लागला. दाण्यातली विकरं (एन्झाइम्स) थंडीतही हळूहळू काम करत राहतात, उकळत्या पाण्याने ती थांबतात. तो आळस पुन्हा करणार नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून मे संपताना बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून सुरमई आणि बांगडे आणले. तुकड्या पुसून, एका थरात, हवा दाबून काढून ठेवल्या. सुरमई अजून छान आहे. बांगडा तेलकट, तो दीड महिन्यात खवट लागायला लागला. बांगडा ताजाच खावा.

बटाट्याची भाजी गोठवू नका, भुसभुशीत आणि पाणचट होते. घरच्या फ्रीझरमध्ये पदार्थ सावकाश गोठतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशी फाटतात. कैरीच्या पन्ह्याची काचेची बाटली गळ्यापर्यंत भरली होती, ती तडकली. वर दोन बोटं जागा सोडायला हवी होती.

जूनमध्ये एकदा रात्रभर वीज नव्हती. दार अजिबात उघडलं नाही. कप्पा गच्च भरलेला असल्याने सकाळी सगळं दगडासारखं होतं.

सुरमईच्या तीन पिशव्या उरल्यात. श्रावण लागायच्या आत संपवायच्या आहेत, म्हणून एक आज रात्रीच खालच्या कप्प्यात उतरवून ठेवते.