कामं बाकी असलेली डिझेल गाडी आहे तशी विकली, त्याचा अनुभव

गाडी दीड लिटरची कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून दाबाने डिझेल देणारी) टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर, रनिंग दोन लाख किलोमीटरच्या बरंच पुढे. इंजिनात दम आहे, हायवेला ॲव्हरेज अजूनही चोख. पण कामांची यादी वाढत गेली होती: एक इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) खराब, फ्लायव्हीलची (इंजिन आणि क्लचमधल्या जड चाकाची) खडखड, एक ग्लो प्लग (गार इंजिन सुरू होताना आत ऊब देणारा) गेलेला, पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश संपलेले. आधी सगळं करून घ्यावं आणि मग विकावी, असं घरात आणि ओळखीत सगळ्यांचंच म्हणणं होतं. मी ती आहे तशीच विकायला काढली. गिऱ्हाईक मिळेपर्यंत काही महिने गेले आणि तोवर गाडी रोज चालतच होती. या काळात माझं मत पक्कं झालं ते असं, की मोठ्या दुरुस्तीत घातलेला पैसा किमतीत परत येत नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे शोधण्यात घातलेला येतो.

फ्लायव्हीलचंच घ्या. आजकालच्या बहुतेक डिझेल गाड्यांत डबल मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. त्या झिजल्या की न्यूट्रलला खडखड ऐकू येते, क्लच दाबला की ती बऱ्याचदा थांबते आणि इंजिन बंद करताना एक धक्का जाणवतो. तिथवर पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एकदा तो उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एकदमच बदललेलं बरं. एवढं करूनही गिऱ्हाईक म्हणतं, "पण गाडी जुनीच आहे ना!" उलट नुसतं 'थोडा आवाज येतो' म्हणून सोडलं, तर समोरचा मनातल्या मनात अख्खं इंजिन खाली उतरवतो आणि त्या हिशोबाने भाव पाडतो. 'फ्लायव्हील आहे, गॅरेजचं लेखी कोटेशन हे घ्या' म्हटलं की घासाघीस त्या कागदावरच्या आकड्याभोवतीच फिरते. शिवाय ज्याचे हात स्वतः काळे होतात त्याला ते काम निम्म्यात पडतं. मला तसंच गिऱ्हाईक मिळालं.

इंजेक्टरचा किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त भाव इथेच तुटतो. सकाळी गार इंजिन सुरू केलं की पहिलं मिनिटभर गाडी लटपटायची, मग सरळ. एका एजंटने बघितल्याबरोबर निकाल दिला, "कॉम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही, इंजिन काढावं लागणार." मी मिस्त्रीकडून इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घेतली. इंजिन आयडलला ठेवून प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी काढायची आणि एकेका छोट्या बाटलीत सोडायची. थोड्या वेळाने तीन बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं आणि चौथी गळ्यापर्यंत भरलेली. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्याही वर जातो. झिजलेला इंजेक्टर तेवढं डिझेल मागे सोडत बसला तर सुरू होताना रेलमध्ये दाब धरत नाही. त्या चार बाटल्यांचा फोटो काढून ठेवला. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो दाखवायचो. इंजिन काढायची भाषा तिथेच बंद व्हायची.

ग्लो प्लग मात्र बदलले, आणि बॅटरीही. बॅटरी अशक्त असली की सेल मारताना इंजिन हवं तेवढ्या वेगाने फिरत नाही, हवा दाबून पुरेशी तापत नाही, आणि ठणठणीत इंजिनही बिघडल्यासारखं वाटतं. गार इंजिन एका सेलमध्ये सुरू होणं हीच डिझेल गाडीची खरी जाहिरात. म्हणून बघायला कोणी येणार असेल तर गाडी आधी सुरू करायची नाही, हा माझा नियम. जाणता माणूस आला की पहिला हात बॉनेटवर ठेवतो. गरम लागलं की त्याचा चेहरा बदलतो. ग्लो प्लगबाबत एक सूचना: जुने प्लग हेडमध्ये गच्च बसलेले असतात आणि काढताना मोडतात. इंजिन गरम असताना, आधी तेल सोडून, सावकाश काढणारा मिस्त्री बघा.

बुश केले नाहीत. ट्रायलला आवाज येतो, मी आधीच सांगायचो, विषय संपायचा.

डीपीएफबद्दल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल, बरेच जण विचारतात. त्यात साठलेली काजळी जाळायला आत साधारण 600 अंश तापमान लागतं, आणि जवळच्या फेऱ्यांत तेवढं तापतच नाही. म्हणून विक्रीला काढलेली गाडी नुसती उभी करू नका, अधूनमधून लांब पिटाळून आणा. राख मात्र जळत नाही, ती साठतच जाते, त्यामुळे जास्त रनिंगच्या गाडीत डीपीएफचा प्रश्न कधीतरी येणारच. तो आतून पोकळ करून द्या म्हणणारेही भेटले. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे. मी सरळ नाही म्हटलं.

विकायच्या आदल्या दिवशी स्कॅनर लावून एरर कोड पुसून टाका, हा सल्ला तर हमखास मिळतो. पुसले तरी गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात, आणि ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याला कोड कालच पुसलेत हे लगेच कळतं. मी उलट केलं, कोडची यादी छापून गाडीच्या फाइलमध्ये लावली.

एजंट आणि 'लगेच पैसे' देणारे खरेदीदार मला मानवले नाहीत. फोनवरचा आकडा वेगळा, गाडी बघितल्यावरचा वेगळा. पण घाई असेल, किंवा तुमच्या शहरात जुन्या डिझेलवर बंदी येऊ घातली असेल, तर तो मार्ग अगदीच टाकाऊ नाही. वाट बघण्यातही भाव उतरतोच.

शेवटी गाडी घेतली ती स्वतः गॅरेज चालवणाऱ्या एकाने, घरच्या वापरासाठी. त्याने ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, रेस करून सायलेन्सरमागे उभा राहिला. निळा नाही, पांढरा नाही, जोरात दाबल्यावरही काळा नाही. मग माझी यादी वाचली आणि त्यात भर घातली: पॉवर स्टेअरिंगचा पाइप ओलसर आहे. मला माहीत नव्हतं. भाव ठरला तो माझ्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी, पण एजंटच्या बोलीपेक्षा बराच वर.

व्यवहाराच्या कागदावर बाकी कामं एकेक करून लिहिली, पाइपसकट. त्याखाली मीटरचं रीडिंग, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. गाडीच्या सिस्टीमला जोडलेला माझा फोन आणि त्यातून आलेले नंबर पुसून टाकले. विमा मात्र गाडी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची नोंद हातात येईपर्यंत बंद केला नाही.