आर्केडिया प्रोटी५ (१२ टक्के): बिअर्डेड ड्रॅगनच्या पिंजऱ्यासाठी यूव्हीबी ट्यूब

बिअर्डेड ड्रॅगन पाळताना लोक काचेच्या टाकीवर आणि सजावटीवर खर्च करतात, दिव्यावर मात्र काटकसर करतात. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, रखरखीत अंतर्भागातला. त्याच्या कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील) किरणांमुळे. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि शरीर ते हाडांमधून ओढू लागतं. मग जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात, पाय वाकतात. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून दिवा आधी आणि बाकी सगळं नंतर.

आर्केडिया या ब्रिटिश कंपनीच्या किटमध्ये टी५ (बारीक नळीची) ट्यूब, फिटिंग आणि रिफ्लेक्टर एकत्र मिळतात. नावातले १२ टक्के म्हणजे ट्यूबच्या प्रकाशातलं यूव्हीबीचं प्रमाण. रिफ्लेक्टर असणं फार महत्त्वाचं, कारण तो नसेल तर वर जाणारा प्रकाश वाया जातो. चार फुटी पिंजऱ्याला ३९ वॅटची (३४ इंची) ट्यूब घ्यावी. २४ वॅटची (२२ इंची) चालते, पण उजेडाचा पट्टा आखूड पडतो. गुंडाळीच्या कॉम्पॅक्ट बल्बपेक्षा ही ट्यूब कितीतरी सरस आहे: त्या बल्बखाली किरणांचा छोटासा गोल पडतो, इथे जनावराचं अख्खं अंग उजेडात येतं.

खरी गोम अंतरात आहे. १२ टक्क्यांची ट्यूब आत, छताला लावली तर ती जनावराच्या पाठीपासून साधारण ३० ते ३५ सेंटीमीटरवर हवी. उन्हं खाण्याच्या जागी यूव्ही निर्देशांक ४ ते ६ मिळावा. तो सोलरमीटर ६.५ या उपकरणाने मोजता येतो, नुसत्या डोळ्यांनी अजिबात कळत नाही. पिंजऱ्याच्या वरच्या जाळीवर ठेवली तर जाळीच्या विणीनुसार एक तृतीयांशाच्या आसपास किरणं अडतात, तेव्हा बसायची जागा उंच करावी. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक आलं तर यूव्हीबी जवळजवळ पोहोचतच नाही. ट्यूब नेहमी वरून, बाजूने कधीच नाही; वरून आलेल्या उजेडात भुवईच्या उंचवट्याची सावली डोळ्यावर पडते आणि डोळे वाचतात.

कमतरता सांगायची तर या ट्यूबची ऊब नगण्य आहे. उष्णतेचा बल्ब वेगळा घ्यावाच लागतो, आणि दोन्हींचा प्रकाश एकाच दगडावर पडला पाहिजे. त्या दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश सेल्सिअस हवा, पिंजऱ्याचा थंड कोपरा २५ च्या आसपास. हे इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावं. काचेला चिकटवायची गोल डायल दगडाचं तापमान सांगूच शकत नाही. शिवाय खायला द्यायच्या किड्यांना कॅल्शियमची पूड लावणं थांबवायचं नाही. किरणं कॅल्शियम शोषायला मदत करतात, पुरवत नाहीत.

रोज १२ तास लावावी, टायमरवर. वर्षभरानंतर ट्यूब पेटलेली दिसते, पण यूव्हीबी घटलेलं असतं. मोजायचं उपकरण नसेल तर १२ महिन्यांनी बदलावी. फिटिंग तेच राहतं, फक्त ट्यूब नवी. बसवल्याची तारीख मार्करने तिच्या टोकावर लिहून ठेवावी.

पिंजरा उंच असेल आणि अंतर ३८ सेंटीमीटरच्या पुढे जात असेल तरच १४ टक्क्यांची घ्यावी.