नाताळातले तीन काळे गुन्हेपट: कोणता कोणासाठी?

नाताळची रोषणाई आहे, पण गोडवा नाही. गुन्हा आहे, पण थरारपटाची घाई नाही. आणि हसता हसता आपण नेमके कशाला हसलो, याची टोचणी लागून राहते, असा चित्रपट शोधणाऱ्या प्रेक्षकासमोर इंग्रजीतली तीन नावे हमखास येतात. टेरी झ्विगॉफ यांचा ‘बॅड सँटा’ (२००३), हॅरल्ड रेमिस यांचा ‘द आइस हार्वेस्ट’ (२००५) आणि मार्टिन मॅकडोना यांचा ‘इन ब्रूझ’ (२००८). पहिला लोकप्रिय ठरला, तिसऱ्याच्या वाट्याला मानसन्मान आले आणि मधल्याबद्दल प्रेक्षकांचे आजही एकमत होत नाही. म्हणूनच या आढाव्यात सर्वाधिक जागा ‘द आइस हार्वेस्ट’ला दिली आहे. तो पाहावा की नाही हे ठरवणे सर्वांत अवघड आहे, आणि त्याच्याविषयीच्या मतभेदांतून उरलेल्या दोघांचे स्वभावही स्पष्ट होतात.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी चार्ली आर्ग्लिस्ट (जॉन क्यूसॅक) हा गुन्हेगारी टोळीचा वकील आणि त्याचा भागीदार व्हिक (बिली बॉब थॉर्नटन) टोळीप्रमुखाचे वीस लाख डॉलरहून अधिक पैसे लांबवतात. चोरी सुरुवातीलाच उरकते. अडचण पुढे आहे, कारण गोठणाऱ्या पावसाने रस्त्यांवर बर्फाचा गुळगुळीत थर चढला आहे आणि पहाटेपर्यंत शहर सोडता येणार नाही. उरलेली रात्र चार्ली मद्यगृहांतून आणि नाचघरांतून भटकत काढतो. व्हिकचा भरवसा धरावा का, नाचघर चालवणारी रेनाटा (कॉनी नील्सन) आपल्याकडे का वळते आहे आणि टोळीचा माणूस आपल्या मागावर कुठवर पोहोचला आहे, या तीन प्रश्नांवर पटकथा उभी आहे. स्कॉट फिलिप्स यांच्या कादंबरीवरून रिचर्ड रुसो आणि रॉबर्ट बेंटन यांनी ती लिहिली असून चित्रपट सुमारे दीड तासात संपतो.

नाराज प्रेक्षकांची मुख्य तक्रार विनोदाची असते: हसू फारसे येत नाही. या तक्रारीचे मूळ बरेचसे अपेक्षेत आहे. रेमिस हे ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) आणि ‘ॲनालाइझ धिस’ (१९९९) यांचे दिग्दर्शक, म्हणून प्रेक्षक मोकळ्या मनाच्या विनोदाची आशा धरून आला. थॉर्नटन तर दोनच वर्षांपूर्वी ‘बॅड सँटा’त गाजलेले, म्हणून त्याच धाटणीचा बेताल दंगा पुन्हा पाहायला मिळेल असे अनेकांनी गृहीत धरले. दोन्ही चित्रपट अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरीस, सणांच्या तोंडावर प्रदर्शित झाल्यामुळे हा समज आणखी पक्का झाला. प्रत्यक्षात पडद्यावर आला तो जुन्या वळणाचा नॉयर, म्हणजे लोभ, संशय आणि विश्वासघात यांच्या अंधारात चाचपडणाऱ्या माणसांची गोष्ट, आणि विनोद तिच्या कडेकडेने येणारा. तिकीटबारीवर तो जगभरात मिळून सुमारे एक कोटी डॉलरच मिळवू शकला, तर ‘बॅड सँटा’ची कमाई साडेसात कोटी डॉलरच्या पुढे गेली.

विनोदाविषयीची ही तक्रार मला अर्धीच पटते. चित्रपटात विनोद कमी आहे हे खरे, पण आहे तो कथेतून उगवतो, वरून चिकटवलेला वाटत नाही. टोळीच्या माणसाला ट्रंकेत कोंडून तळ्याकाठी नेण्याचा प्रसंग घ्या. आतला माणूस ट्रंकेतूनच बोलत राहतो, बाहेरच्या दोघांमध्ये फूट पाडू पाहतो, आणि त्याचा एकेक शब्द चार्लीच्या मनात आधीच असलेल्या संशयाला खतपाणी घालतो. प्रसंग भीषण आहे, तरी हसू आवरत नाही. या चित्रपटाची बाजू घेणारे प्रेक्षक बहुधा याच प्रसंगाचा दाखला देतात आणि तो देणे रास्त आहे. ज्याला हा प्रसंग नुसताच क्रूर वाटेल, त्याने उरलेला चित्रपट रेटून पाहू नये.

दुसरी तक्रार नायकाची आहे, आणि ती अधिक वजनदार आहे. चार्ली स्वतःहून फारसे काही घडवत नाही. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, पितो, वाट पाहतो, आणि घटना त्याच्यावर येऊन आदळतात. मधला अर्धा तास त्यामुळे काहींना रेंगाळलेला वाटतो. माझ्या मते हे रेंगाळणेच चित्रपटाचा खरा विषय आहे, कारण पैसा हाती आल्यानंतरही ज्याला जाण्यासारखी जागा उरलेली नाही अशा माणसाची ही रात्र आहे. तो पूर्वीच्या सासरी नाताळच्या जेवणाच्या वेळी जाऊन पोहोचतो, तेव्हा हे सर्वांत उघडपणे दिसते. त्याच्या घटस्फोटित पत्नीशी आता त्याचाच मित्र पीट याने लग्न केलेले आहे, आणि ऑलिव्हर प्लॅट यांनी साकारलेला हा पीट रात्रभर दारूच्या नशेत चार्लीच्या गळ्यात पडलेला असतो. नापसंती नोंदवणारे प्रेक्षकदेखील प्लॅट यांच्या कामाचे कौतुक करतात. पीटच्या बडबडीत संसाराविषयीचा जो वैताग आहे, तो हसवतो, आणि त्याच वेळी चार्लीने काय गमावले आणि जे गमावले ते मुळात ठेवण्याजोगे होते का, असा दुहेरी प्रश्नही उभा करतो. गुन्ह्याच्या गतीसाठी चित्रपट पाहणाऱ्याला हा भाग अडथळा वाटेल, माणसांसाठी पाहणाऱ्याला तोच गाभा वाटेल.

तिसरा मुद्दा रेनाटाचा. पुरुषाला भुरळ पाडून नाशाकडे नेणारी स्त्री हा नॉयरचा ठरलेला साचा आहे, आणि पटकथा या साच्याच्या पलीकडे पाऊल टाकत नाही. नील्सन यांचा अभिनय नेटका असला तरी त्यांच्या वाट्याला व्यक्तिरेखा न येता केवळ एक भूमिका आली आहे. याबाबत टीकाकार प्रेक्षकांचे म्हणणे मी विनाअट मान्य करतो. उरलेले दोन चित्रपटही स्त्रियांच्या बाबतीत फारसे उदार नाहीत, त्यामुळे हा निकष ज्यांना निर्णायक वाटतो त्यांना तिघांपैकी एकही पुरता समाधानकारक वाटणार नाही.

‘बॅड सँटा’ची निवड करणे याहून सोपे आहे, कारण तो काय आहे हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. विली (थॉर्नटन) हा तिजोरीफोड्या दरवर्षी एखाद्या मोठ्या दुकानात सँटाचा वेश करून बसतो, त्याचा बुटका साथीदार मार्कस (टोनी कॉक्स) सँटाचा मदतनीस बनतो, आणि नाताळच्या आदल्या रात्री दोघे मिळून दुकान लुटतात. विली दारूडा, शिवराळ आणि लहान मुलांचा मनापासून तिटकारा असलेला माणूस आहे. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात त्याला एक एकाकी, स्थूल, निरागस मुलगा भेटतो, आणि हा मुलगा कोणत्याही अपमानाने दुखावत नाही. प्रेक्षकांची विभागणी इथे सरळ रेषेत होते: एका गटाला भाषा आणि मुलासमोरचे वर्तन असह्य होते, दुसऱ्याला याच असभ्यतेत सणाच्या बाजारी गोडव्यावरचा उतारा सापडतो. मला दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक पटते, कारण चित्रपट मुलाची चेष्टा करत नाही. मुलाकडे नाताळपर्यंतचे दिवस मोजणारी, रोज एक कप्पा उघडून खाऊ खाण्याची दिनदर्शिका असते; तिच्यातला खाऊ विली नशेत फस्त करतो आणि नंतर ती ओबडधोबडपणे पुन्हा भरून ठेवतो. या छोट्या प्रसंगात त्याचा पश्चात्ताप एकाही भावुक वाक्याशिवाय दिसतो. व्यवस्थापकाच्या भूमिकेतील जॉन रिटर यांचे प्रदर्शनापूर्वीच निधन झाले आणि चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. शब्दांना कचरणाऱ्या, अवघडलेल्या माणसाचे त्यांनी केलेले काम आवर्जून पाहण्यासारखे आहे.

हा चित्रपट निवडणाऱ्याने आवृत्तीकडे मात्र लक्ष द्यावे. चित्रपटगृहातली आवृत्ती, ‘बॅडर सँटा’ नावाची लांबवलेली आवृत्ती आणि दिग्दर्शकाची आवृत्ती असे तीन प्रकार उपलब्ध झालेले आहेत. लांबवलेल्या आवृत्तीत शिवराळपणाची भर पडते, पण बांधणी सैल होते. दिग्दर्शकाची आवृत्ती सर्वांत छोटी असून तिच्यात सुरुवातीचे निवेदन नाही, त्यामुळे विलीविषयी आपले मत आपणच बनवावे लागते आणि चित्रपटाचा कडवटपणा अधिक टिकतो. पहिल्यांदाच पाहणाऱ्याने चित्रपटगृहातली आवृत्ती घ्यावी. ती आवडली आणि शेवटाकडचा मवाळपणा खटकला, तर दिग्दर्शकाची आवृत्ती त्याच्यासाठीच आहे.

‘इन ब्रूझ’विषयी प्रेक्षकांत सर्वाधिक सहमती आहे. कॉलिन फॅरेल यांना त्यातील अभिनयासाठी गोल्डन ग्लोब मिळाला, मॅकडोना यांच्या पटकथेला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार आणि ऑस्कर नामांकन मिळाले. पहिल्याच कामगिरीत भयंकर चूक करून बसलेला रे (फॅरेल) आणि त्याचा वडीलधारा साथीदार केन (ब्रेंडन ग्लीसन) हे दोन भाडोत्री मारेकरी बेल्जियममधील ब्रूझ या मध्ययुगीन शहरात नाताळच्या दिवसांत दडून राहतात आणि लंडनहून येणाऱ्या आदेशाची वाट पाहतात. केनला शहर मोहून टाकते, रेला ते शिक्षेसारखे वाटते. शहराचा वापर हे या चित्रपटाचे मोठे बळ आहे. ३६६ पायऱ्यांचा घंटाघराचा मनोरा आधी पर्यटकांच्या विनोदासाठी येतो आणि पुढे कथेच्या निर्णायक वळणाचे ठिकाण बनतो. संग्रहालयात हिएरोनिमस बॉस यांचे अंतिम न्यायाचे चित्र पाहताना दोघे पापपुण्याबद्दल बोलतात, तेव्हा विनोद आणि अपराधभाव एकाच वाक्यात नांदतात.

या चित्रपटावरचे आक्षेप दोन. पहिला भाषेचा: बुटक्या अभिनेत्याविषयी, जाडजूड पर्यटकांविषयी आणि वंशाविषयी रे जे बोलतो ते अनेकांना बोचते. ‘बॅड सँटा’मध्येही असे शेरे आहेत, पण तिथला मार्कस साऱ्या टोळीत सर्वांत हुशार असून प्रत्येक शेऱ्याला तोडीस तोड उत्तर देतो, म्हणून तिथे हा बोच मला कमी जाणवतो. दुसरा आक्षेप असा की, नाताळ इथे केवळ पार्श्वभूमीला आहे. सणाशी निगडित गुन्हा हवा असणाऱ्याला हे खटकू शकते, पण अपराध, प्रायश्चित्त आणि क्षमा हे विषय हाताळताना मॅकडोना यांनी तो काळ विचारपूर्वक निवडला आहे असे मला वाटते.

तिघांना शेजारी ठेवले की खरा फरक विनोदाच्या प्रमाणात न राहता दोषी माणसाचे काय करायचे या प्रश्नाच्या उत्तरात दिसतो. ‘बॅड सँटा’ त्याला एका मुलाच्या आधाराने सावरू देतो. ‘इन ब्रूझ’ त्याला त्याच्या कृत्यासमोर उभे करतो आणि नजर वळवू देत नाही. ‘द आइस हार्वेस्ट’ रात्रभर या प्रश्नाला हातच लावत नाही आणि अखेरीस चार्लीच्या नशिबाचा निकाल लावताना थोडा डळमळतो. कादंबरीचा शेवट चित्रपटापेक्षा कितीतरी निष्ठुर आहे. त्याच्याशी मिळताजुळता शेवट चित्रितही झाला होता, तो नंतर बदलला गेला आणि डीव्हीडीवर पर्यायी शेवट म्हणून दिला गेला. प्रेक्षकांचे एक टोक बदललेल्या शेवटाला तडजोड म्हणते, दुसरे त्याला सुटकेचा निःश्वास म्हणते. मला मूळ शेवट अधिक प्रामाणिक वाटतो, कारण आधीच्या प्रत्येक प्रसंगाने प्रेक्षकाला त्याच दिशेने नेलेले असते.

तेव्हा निवड अशी करावी. तिघांपैकी एकच पाहायचा असेल आणि संवादबहुल चित्रपट आवडत असतील, तर ‘इन ब्रूझ’ घ्यावा. तो पावणेदोन तासांचा असून त्याला पूर्ण लक्ष द्यावे लागते, आणि फॅरेल व ग्लीसन यांचे आयरिश उच्चार सवयीचे नसल्यास इंग्रजी उपशीर्षके लावावीत. मित्रांसोबत बसून मोठ्याने हसायचे असेल, तर ‘बॅड सँटा’. जुने नॉयर आवडत असतील, नायक आवडलाच पाहिजे अशी अट नसेल आणि नाताळची एक रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडद्यावर हवी असेल, तर ‘द आइस हार्वेस्ट’ निवडावा, मात्र विनोदी चित्रपट म्हणून नव्हे तर गुन्हेपट म्हणून. तिन्ही चित्रपटांना अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तिथे सतरा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. ‘बॅड सँटा’च्या नावातला सँटा आणि पडद्यावरचा लहान मुलगा पाहून तो कुटुंबासाठी असेल असे समजू नये, आणि ‘द आइस हार्वेस्ट’मधील नाचघरांच्या दृश्यांमुळे तोही घरच्या सर्वांसोबत लावण्याजोगा नाही.