कमी ताकदीची डिझेल बोट प्लेनवर आणताना: १७ पिचचा पंखा आणि ट्रिम टॅब, मोसमभराच्या वापरानंतर

बोट ७.५ मीटरची, पाणरेषेवरची लांबी २२ फूट, माणसं-सामानासकट वजन साधारण २७०० किलो. इंजिन १३० अश्वशक्तीचं टर्बो डिझेल, कमाल ३६०० आरपीएम, २:१ गेअरबॉक्स, सरळ शाफ्ट, तीन पात्यांचा १७ इंच व्यासाचा पंखा. तक्रार नेहमीचीच. नाळ (बोटीचं पुढचं टोक) आभाळाकडे, पिछाडी पाण्यात रुतलेली, मागे काळा धूर आणि वेग ११ नॉटला अडकलेला. टाकी अर्धी आणि माणसं दोनच असली तर कधीमधी बोट वर यायची, म्हणजे प्लेनवर येऊन पाणी कापण्याऐवजी पाण्यावर घसरत चालायची, एरवी नाहीच.

बदल दोन केले. पंख्याचं पिच (एका फेऱ्यात पंखा हिशोबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर) १९ वरून १७ इंचांवर आणून घेतलं आणि नंतर ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला, २४ इंची ट्रिम टॅबची (बिजागरीवर खालीवर होणाऱ्या पट्ट्यांची) जोडी बसवली. दोन्हींचा पैसा वसूल झाला, पण क्रम हाच हवा. पंखा चुकीचा ठेवून नुसते टॅब लावले तर नाळ खाली येते, धूर मात्र तसाच राहतो.

कारण साधं आहे. २२ फूट पाणरेषेचा नैसर्गिक वेग १.३४ गुणिले २२ चं वर्गमूळ, म्हणजे ६.३ नॉट. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागते. ८ ते १३ नॉटच्या या चढावर इंजिनाची खरी कसोटी लागते, आणि टर्बो डिझेल नेमकं तिथेच दुबळं पडतं. १९ पिचच्या पंख्याने इंजिन २७०० आरपीएमला दाबून धरलेलं. एक्झॉस्टचा जोर कमी, म्हणून टर्बोचा दाब कमी, म्हणून हवा कमी. गव्हर्नर (आरपीएम राखणारी यंत्रणा) आरपीएम गाठायच्या नादात डिझेल ओततच राहतो. काळा धूर तो हाच. १३० अश्वशक्ती ३६०० ला मिळते, २७०० ला नाही. अशा दाबाखाली तासन्‌तास चालवलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भाजतात, हे वेगळंच.

हिशोब कुणालाही करता येतो: आरपीएम भागिले गेअर रेशो, गुणिले पिच इंचांत, भागिले १२१५, म्हणजे पंख्याचा सैद्धांतिक वेग नॉटमध्ये. २७०० आणि १९ पिचला तो २१ येतो, जीपीएस ११ दाखवतं. म्हणजे निम्मी घसरण. १७ पिचनंतर इंजिन पूर्ण ३६०० गाठतं, सैद्धांतिक वेग २५, प्रत्यक्ष १९, घसरण पाव. अशा बोटीला ही घसरण ठीक आहे. दर इंच पिचमागे दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक धरून चालावं. इथे त्याहून जास्त वाढले, कारण बोट चढावरून सुटली. इंजिन पूर्ण भारात कमाल आरपीएम गाठत असेल तर पिच आणखी कमी करू नका. तिथून पुढे फक्त वेग जातो.

मात्र पंखा काढण्याआधी फुकटातल्या गोष्टी तपासा, कारण अर्ध्या बोटींचं दुखणं तिथेच निघतं. क्रँक पुलीवर परावर्तक पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोने आरपीएम मोजा. अल्टरनेटरवर चालणारे डॅशबोर्डचे काटे शे-दोनशेने सहज खोटं बोलतात. मग एकाने इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण पुढे ढकलावा आणि दुसऱ्याने डिझेल पंपापाशी पाहावं: पंपाची भुजा स्टॉपच्या स्क्रूला टेकते का? केबल ताणलेली असेल तर चार-पाच मिलिमीटरची फट राहते, आणि तेवढ्या फटीत बरीच ताकद अडकून पडते. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तेलकट मळाने भरला असेल तर साफ करा, टर्बोच्या रबरी नळ्यांचे क्लॅम्प हाताने हलवून पाहा, एअर फिल्टर बदला. इंजिनरूमला हवा यायची जाळी तोकडी असेल तर गरम, विरळ हवा आत जाते आणि वर सांगितलेलाच धूर दिसतो.

तळ आणि पंखा घासून काढल्याशिवाय कुठलंही माप घेऊ नये. पात्यांवर चिकटलेले चार बार्नॅकल (शिंपल्यासारखे समुद्री जीव) पिचचा सगळा हिशोब बिघडवतात.

वजनाचं गणित लोकांना कंटाळवाणं वाटतं, पण कमी ताकदीच्या बोटीत तेच निर्णायक ठरतं. ढोबळ आडाखा असा: अश्वशक्तीमागे १८ किलोपर्यंत बोट आरामात वर येते, २३ च्या आसपास झगडते, त्यापुढे आशा सोडा. ही बोट २०.८ वर आहे, म्हणजे काठावर. २०० लिटर डिझेल १६८ किलो भरतं. छोट्या फेरीला टाकी काठोकाठ भरायची गरज नसते. पिछाडीतल्या दोन बॅटऱ्या केबिनच्या पुढच्या भिंतीपाशी नेल्या आणि पन्नासेक किलो तीन मीटर पुढे सरकले. केबल लांबली की तिची जाडी वाढवावी लागते, नाहीतर स्टार्टर रडतो. नाळ खाली आणायला वाळूच्या पिशव्या ठेवणारे पाहिलेत. ज्या बोटीचं दुखणंच वजन आहे तिला आणखी वजन देणं हा अजब उपाय आहे.

टॅबचं माप ठरवताना बोटीच्या लांबीच्या दर फुटाला प्रत्येक टॅबची एक इंच रुंदी हा प्रचलित नियम पाळला. कमी ताकदीच्या बोटीला मोठा टॅब बरा, कारण तो थोडाच वाकवून काम भागतं आणि पाण्याचा विरोध कमी राहतो. बाहेरची कड चाइनपासून (तळ आणि बाजू मिळतात त्या कडेपासून) आठ ते दहा सेंटिमीटर आत, बिजागरीची रेघ तळापासून सहा मिलिमीटर वर. तळाच्या खाली आली तर टॅब उचललेला असतानाही ब्रेकसारखा ओढतो. ट्रान्सममध्ये लाकडी गाभा असेल तर प्रत्येक भोक मोठं पाडून एपॉक्सीने भरा, पुन्हा बारीक भोक पाडा आणि मगच सीलंट लावून स्क्रू पिळा. हा एक दिवस वाचवणारे चार-पाच वर्षांनी कुजलेला ट्रान्सम बदलतात.

बसवण्याआधी तळाच्या मागच्या दीड-दोन मीटरला सरळ पट्टी लावून बघावी. पट्टी मध्ये टेकून टोकाला उचलली जात असेल तर तळ बाहेर फुगलेला आहे. अशी बोट पिछाडी खाली ओढत राहते आणि टॅबची निम्मी मेहनत तिथेच खर्ची पडते. आधी तळ सरळ करून घ्यावा.

वापरायची पद्धत: टॅब पूर्ण खाली, लिव्हर एकदम न ढकलता टर्बो घेईल तसा तीन-चार सेकंदांत पुढे, १३ नॉट ओलांडले की टॅब टप्प्याटप्प्याने वर. प्रत्येक टप्प्याला जीपीएस बघा. वेग वाढायचा थांबला की एक टप्पा मागे. आता पूर्ण टाकी आणि पाच माणसं घेऊनही बोट वर येते, आणि टॅब थोडे खाली ठेवले तर १२ नॉटलाही प्लेनवर टिकते. खवळलेल्या पाण्यात टॅबचा खरा फायदा हा आहे, कमाल वेग नव्हे. पूर्वी ११ ला जेवढं डिझेल ताशी जायचं त्याहून थोडंच जास्त आता १५ ला जातं, म्हणजे मैलामागे स्पष्ट बचत.

उणिवा आहेत. मागून लाटा येत असताना टॅब खाली राहिले तर नाळ पाण्यात खुपसते आणि बोट आडवी फिरू पाहते. तेव्हा ते पूर्ण वरच हवेत. पिच कमी केल्याने बंदरातला संथ वेग थोडा घटला, आणि रिकामी बोट असताना कमाल वेगात एखाद नॉट गेला असेल. टॅबच्या वरच्या बाजूला आणि बिजागरीत शिंपले धरतात, तिथे अँटिफाउलिंग रंगाचा (शिंपले धरू न देणाऱ्या) जास्तीचा हात द्या. धातूच्या टॅबना स्वतःचा झिंक अ‍ॅनोड (टॅबऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) लागतो, तो निम्मा झिजला की बदला.

चार पात्यांचा पंखा हा पुढचा पर्याय. चढावर तो कमी घसरतो, पण किंमत बरीच जास्त, म्हणून तूर्त थांबणं पटलं. ज्यांच्या बोटीचा तळ मागे वर वळत जाणारा आहे, म्हणजे मुळात संथ चालीचा, त्यांनी यातलं काहीही विकत घेऊ नये.

आणि रिव्हर्स टाकण्याआधी टॅब वर घ्या. खाली असताना मागे गेलं तर पाण्याचा सगळा दाब टॅब खालीवर करणाऱ्या सिलिंडरवर येतो, आणि दांडा वाकला की सिलिंडर पूर्णच बदलावा लागतो.