‘सेन्सर जळालाय’ म्हणून साडेचौदा हजार घेतले, आत सेन्सर जुनाच

तुमच्या गाडीचा रेन सेन्सर (पाऊस ओळखून वायपर आपोआप चालवणारा) जळालाय असं कोल्हापुरात कुणी सांगितलं, तर खिशात हात घालण्याआधी पुढची काच अलीकडे बदललीय का ते आठवा.

माझी काच शिरोलीजवळ हायवेवर डंपरच्या मागे खडा उडून तडकली. शहरातल्या एका दुकानात नवी बसवली. त्यानंतर भर उन्हात, कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरायला लागले, पाठोपाठ हेडलाईटही लागायचे. (वायपर सतत चालले की ऑटोवरचे दिवे लागतात, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते. बिघाड दोन वाटतात, असतो एकच.) त्याच दुकानात गेलो. मालकांनी स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र) जोडलाच नाही. लांबूनच म्हणाले, "पाव्हणं, पाणी गेलंय, सेन्सर जळाला. शोरूमला गेलासा तर वीसच्या पुढं जातंय." साडेचौदा हजार घेतले, हातानं लिहिलेली पावती दिली. तीवर पार्ट नंबर नाही. जुना सेन्सर मागितला, तर म्हणे भंगारात गेला.

गगनबावड्याच्या घाटात वायपरनी पुन्हा तेच सुरू केलं. तेव्हा उद्यमनगरातल्या एका वायरमनकडे गाडी नेली. त्यांनी आरशामागचं कव्हर काढलं. सेन्सरवरच्या लेबलवर माझ्या गाडीच्याच सालची छाप, क्लिप तुटलेली, आणि काच व सेन्सरमधल्या जेलच्या पॅडमध्ये बुडबुडेच बुडबुडे. जुनंच पॅड सोलून परत चिकटवलं होतं.

गंमत त्या पॅडमध्येच आहे. सेन्सर काचेत तिरके इन्फ्रारेड किरण सोडतो. काच कोरडी असली की ते आतल्या आत परावर्तित होऊन परत येतात. बाहेर थेंब पडला की त्यातले काही निसटतात, परतणारा प्रकाश घटतो आणि वायपर फिरतो. पॅडमधल्या हवेच्या बुडबुड्यानंही किरण विस्कटतात. सेन्सरच्या लेखी तो पाऊसच! नवं पॅड काही शे रुपयांत आलं, त्याच सेन्सरवर बसलं, आणि गाडी शहाण्यासारखी वागायला लागली.

तुम्हाला घरीच एवढं बघता येतं. लिव्हर ऑटोवरून काढून साध्या स्पीडवर ठेवा. वायपर नीट चालले तर मोटर ठीक आहे. काचेवरचा तेलकट थर पुसा, रबर झिजलंय का बघा, कारण फरांटे राहिले तरी सेन्सर फसतो. मग बाहेरून आरशामागे टॉर्च मारा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. तरीही सेन्सर बदलायची वेळ आलीच, तर आधी स्कॅन रिपोर्ट मागा. बऱ्याच गाड्यांत नव्या सेन्सरचं कोडिंग, म्हणजे स्कॅनरनं गाडीला त्याची ओळख करून देणं, करावं लागतं. ‘बदलला’ म्हणणाऱ्यानं स्कॅनरला हातच लावला नसेल, तर तिथंच संशय घ्या. पार्ट नंबर असलेलं जीएसटी बिल आणि जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी लेबलचे फोटो आणि वायरमनचं लेखी म्हणणं जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तेही मालकांना कळवलं. आता त्यांचे फोन येतात, "निम्मे घ्या आणि मिटवा." मी पूर्ण रकमेवर अडून आहे.