‘घरातल्या सगळ्यांना कव्हर’ म्हणून गळ्यात मारलेली पॉलिसी

मोटारीच्या विम्यासाठी एजंटने माझ्याकडून १६,८५० रुपये घेतले, कंपनीकडे ४,०३१ रुपये भरून निव्वळ थर्ड पार्टी, म्हणजे गाडीबाहेरच्या इतरांच्या नुकसानीपुरतीच, पॉलिसी काढली आणि उरलेले १२,८१९ रुपये खिशात घातले. पत्नी चालवत असलेली गाडी दुभाजकावर आदळून मागे बसलेल्या माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा हे उघडकीस आले. ‘फुल पॅकेज आहे, घरातल्या सगळ्यांना कव्हर आहे,’ असे हाच माणूस आमच्या घरी बसून आईच्या देखत म्हणाला होता.

पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपल्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या पॉलिसीत, खासगी मोटारीतील प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येते, निव्वळ थर्ड पार्टीत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. मालकचालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही फक्त मालकापुरता असतो, पत्नी चालवत असली तर तिला तो लागू होत नाही. आणि माझ्या बाबतीत तोही नव्हता, कारण ‘मालकाकडे असा विमा आधीच आहे’ अशी खोटी नोंद एजंटने परस्पर करून टाकली होती.

हप्ता भरताना क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीचे नव्हे, त्याचे स्वतःचे नाव उमटले, तो क्षण अजून मनातून जात नाही. मी तिथल्या तिथे विचारलेही, त्यावर ‘सर्व्हर बंद आहे, मी पुढे भरतो’ असे उत्तर मिळाले. आमच्या सोसायटीतील निम्म्या गाड्यांचे विमे काढणाऱ्या माणसावर कोणी अविश्वास दाखवला असता? पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो त्याने हप्त्याची रक्कम कापून पाठवला होता. पैसे कंपनीच्याच खात्यात भरा आणि पॉलिसीची पूर्ण प्रत कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या.

रुग्णालयाचे २,८६,४०० रुपयांचे बिल मीच भरले. कंपनी म्हणते, पॉलिसी ‘तुमच्या’ ईमेलवर पाठवली होती. तो ईमेल एजंटचा निघाला, तरी त्यांना त्यात काही वावगे दिसत नाही. पोलीस ठाण्यात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवण्याऐवजी ‘हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक आयोगात जा’ असे सांगून मला वाटेला लावले, अर्जाची पोच देण्याचीही त्यांची तयारी नव्हती, आणि वरिष्ठांकडे गेलो तर त्यांनी पुन्हा त्याच ठाण्याकडे बोट दाखवले. फसवणूक झालेल्याने जायचे तरी कुठे? कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माझा अर्ज तिथे दाखल आहे.